तक्ता क्रमांक १९

बाबालाल मुजावर निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात
मला एवढंच शिकवून गेले:
रकान्यातलं शून्य आणि रकान्यातली रेघ
ही सख्खी भावंडं नव्हेत.
शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, मोजलं, आणि नव्हतं.
रेघ म्हणजे कुणी गेलंच नाही.
'रेघ मारायला लाजायचं नाही पोरी,' म्हणाले,
आणि खर्डा लावलेली भाकरी मोडून
अर्धी माझ्या झाकणात ठेवली.

मी नवी. टेबलावर तीन फायली:
गुन्हे, न्याय, शेती.
तिन्हींच्या बेरजा जुळायच्या.
इतक्या जुळायच्या की मला झोप येईना.

म्हणून एकच गोष्ट धरली हातात.
चिंचखोपीच्या हौसाक्का बेलेकरांची
पाच अश्वशक्तीची मोटार
सात वर्षांपूर्वी नदीकाठावरून एका रात्रीत गेली,
केबलसकट.
ती कुठल्या आकड्यात आहे, एवढंच बघायचं होतं.

ठाण्यात हवालदारानं जुनी वही माझ्याकडं फिरवली.
'गहाळ.'
गहाळ होते ती छत्री, मी म्हटलं,
साठ किलोचं लोखंड गहाळ कसं होतं?
'चोरी लिवली की तपास आला मॅडम,
तपास आला की तक्ता चढला,
चढलेला तक्ता घिऊन साहेबाम्होरं कोण हुबारणार?'
चहा मात्र आलं घालून पाजला त्यानं,
खरंच चांगला होता.

कसबा बावड्यात, कोर्टात,
मोटार नव्हतीच, पण तिच्यापायी झालेली मारामारी होती:
हौसाक्काच्या थोरल्यानं संशयावरून
एकाचा हात मोडलेला.
म्हणजे चोरी झालीच नव्हती,
तिचा राग तेवढा नोंदवलेला, क्रमांकासकट.
तारखा एकेचाळीस.
शेऱ्यात: साक्षीदार गैरहजर. वकील गैरहजर. पूर.
पुढच्या पानावर पुन्हा पूर.

आणि शेतीच्या फायलीत त्या गटात
ऊस उभा, दरसाल,
वीस गुंठे, बागायत, उतारा तालुक्याच्या सरासरीइतका.
मोटार नाही, पाणी नाही,
कागदावर मात्र तुरे आलेले.

मी गेले. केएमटी जाते तिथवर बसनं,
पुढं बांधाबांधानं.
ऊस नव्हता. भुईमूग होता, तोही थकलेला.
हौसाक्का शेंगा तोडत होती.
'तुमच्यात काय लिवलंय?'
ऊस.
'किती टन?'
सांगितलं.
तिनं हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले,
सावकाश चावले.
'मग बिल कुठं गेलं गं माझं?'

पाणी द्यायला घरात घेऊन गेली.
दार लोटलं, तर दारामागं कोळशाच्या रेघा,
पाच-पाचांच्या जुड्या, पाचवी आडवी.
पोराच्या तारखा, म्हणाली.
मी उभ्याउभ्या मोजल्या. त्रेचाळीस.
दोन जादा होतात, मी म्हटलं.
'दोन डाव कोर्टच बंद हुतं की.
आमी गेलो, कुलूप बघून आलो.
ते कोण लिवणार?'

बसमध्ये खिडकीपाशी बसून मला
बाबालालची रेघ आठवत राहिली.
आमच्याकडं रेघ म्हणजे कुणी गेलं नाही.
तिच्या दारावर रेघ म्हणजे
पहाटे उठून, भाकरी बांधून, दोन गाड्या बदलून
कुणीतरी गेलं होतं.

तक्ता एकोणीस मी नव्याने केला.
ऊस खोडला, भुईमूग घातला.
मोटारीच्या रकान्यात शून्य होतं, तिथं रेघ मारली,
खाली तळटीप, अडीच ओळींची, तारखेसह.

छापून आलं तेव्हा संगणकानं
सगळ्या रेघांची शून्यं केली होती.
रेघ त्याला चालत नाही म्हणे.
ऊस परत उगवला होता.
तळटिपेतला तेवढा
'प्रत्यक्ष भेटीनुसार'
हा तुकडा राहिला, कशाखाली ते न सांगता.

बाबालालना फोन केला.
पलीकडं कुकरची शिट्टी, नातवाचं रडणं.
ऑफिसच्या प्रतीत मी परत रेघ मारतेय,
म्हटलं, पेन्सिलनं.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
पेन नाही का तुझ्याकडं?